सोसायटीच्या खुल्या जागेत सामाईक भाजीपाला आणि फळझाडे : लातूरच्या पाण्यात हे जमेल का?

मांजराकाठ (लातूर)

सर्वांना नमस्कार.

लातूर शहराच्या कडेला आमची ४८ घरांची वसाहत आहे. मंजूर रेखांकनात सोडलेली सुमारे सहा गुंठ्यांची खुली जागा वसाहतीच्या मधोमध आहे. विकासकाने तेथे हिरवळ लावून दिली, एका कडेला खोटा अशोक आणि दुसऱ्या कडेला कोनोकार्पस या परदेशी शोभेच्या झाडाची रांग लावली, आणि तेव्हापासून आम्ही त्या हिरवळीला पाणी घालत आहोत. म्हणजे पाणी असते तेव्हा घालत आहोत. गेले तीन उन्हाळे ही हिरवळ वाळते, पावसाळ्यात तिच्या जागी गाजरगवत उभे राहते आणि ते उपटण्याची मजुरी दरवर्षी संस्थेच्या खर्चात दिसते.

या जागेत सामाईक भाजीपाला आणि खाण्याजोगी फळे देणारी झाडे लावावीत, असा ठराव सचिव या नात्याने मी पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहे. आमच्यातील एका तरुण सभासदाने इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या गावाचे उदाहरण दिले. तेथील रहिवाशांनी २००८ पासून रस्त्याच्या कडेला, रेल्वे स्थानकावर, एवढेच काय पण पोलीस ठाण्यासमोरही भाज्या लावल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने हवे ते तोडून न्यावे असा रिवाज पाडला. ऐकायला हे फार छान वाटते. परंतु एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातील माणसासमोर हे उदाहरण ठेवताना माझीच जीभ अडखळते. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत ५० हजार लिटर पाणी होते, हे आकडे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. ‘प्यायला टँकर आणि मेथीला पाणी’ असे सभेत कोणी म्हणाले, तर त्याला खोडून काढणे सोपे जाणार नाही.

म्हणून ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे, त्यांच्याकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पाण्याचा हिशेब कसा बसतो, घरखर्चात खरोखर काही फरक पडतो का, आणि वाटणीवरून भांडणे होऊ नयेत म्हणून काय करावे? ‘ताजी भाजी, निरोगी जीवन’ छापाची उत्तरे मला बरीच मिळाली आहेत. तेवढी कृपया नकोत.

काळीमाती (परभणी)

सचिव महोदय, मी कृषी खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपण पाण्याचा प्रश्न पहिला विचारलात हे योग्यच केले, कारण आपल्या भागात बाकी सगळे त्यानंतर येते.

प्रथम सध्याच्या हिरवळीचा हिशेब करू. सहा गुंठे म्हणजे साधारण ६०० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवायची तर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी हे कमीत कमी धरावे लागते. म्हणजे दिवसाला तीन हजार लिटर झाले, आणि त्यातून खाण्याजोगे एक पानही मिळत नाही. आता याच जागेत १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे १२ वाफे केले, तर लागवडीखाली ३६ चौरस मीटर जागा येते. रब्बीच्या थंड दिवसांत त्यांना चौरस मीटरला चार लिटर पुरतात, म्हणजे रोज १४४ लिटर. आपली घरे ४८. प्रत्येक घराने भाज्या, डाळ-तांदूळ धुतलेले तीन लिटर पाणी बादलीत जमवून आणले, तर नळाचे एक थेंबही पाणी न वापरता हे वाफे भिजतात. साबणाचे पाणी मात्र त्यात येता कामा नये, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही वाफ्यांना नियमित देऊ नये. आपल्या बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात. यंत्र ते आणखी दाट करून बाहेर टाकते आणि काळ्या मातीतून ते सहजी निचरून जात नाहीत.

तरीही एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत भाजीपाला घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतकरी उन्हाळ्यात रान तापू देतो, तसेच वाफेही तापू द्यावेत. त्यांवर सोयाबीनचे भुसकट किंवा उसाचे पाचट अंथरावे आणि मृगाची वाट पाहावी. बारमाही भाजीचा आग्रह धरल्यामुळे ज्या बागा बंद पडल्या, अशा मी कितीतरी पाहिल्या आहेत. पहिल्या मे महिन्यात पाणी संपते, झाडे माना टाकतात, लोकांचा हिरमोड होतो आणि जूनमध्ये पाऊस आला तरी कोणी खुरपे हातात घेत नाही.

म्हणून पाया झाडांचा असावा आणि भाजी ही त्यावरची हंगामी जोड असावी. झाडांची निवडही पुस्तकी नको. सीताफळ, बोर आणि आवळा ही तीन झाडे आपल्या पावसाशी जुळवून घेतलेली आहेत. सीताफळ आणि बोर उन्हाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतात, आणि आवळ्याची वसंतात धरलेली फळे पाऊस येईपर्यंत वाढत नाहीत. ती जणू झोपून राहतात. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याकडे पाणी नसते, त्याच महिन्यांत ही झाडे ते मागत नाहीत. सीताफळ सप्टेंबरपासून, बोर आणि आवळा नोव्हेंबरपासून मिळू लागतात. आपली जागा २० मीटर रुंद आणि ३० मीटर लांब असेल, तर कडेची लांबी १०० मीटर भरते. पाच मीटर अंतराने वीस झाडे बसतात. फाटक आणि विजेचा खांब सोडून सोळा धरा. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा पंधरा लिटर दिले, तर आठवड्याला ४८० लिटर, म्हणजे रोजचे सत्तरच्या आत पडतात. हे आकडे सभेत फळ्यावर लिहा. एका बाजूला तीन हजार आणि दुसऱ्या बाजूला सत्तर.

सोळांपैकी दोन शेवगे घ्यावेत. तमिळनाडूतील पेरियाकुलमच्या केंद्राने काढलेली पीकेएम-१ ही जात बियांपासून पहिल्याच वर्षी शेंगा देते, मात्र दरवर्षी शेंगा संपल्यावर ती छाटावीच लागते; नाहीतर झाड दुमजली घराएवढे होते आणि शेंगा फक्त पोपटांच्या वाट्याला येतात. कढीपत्ता एक पुरे. लिंबू दोन लावावेत. पेरू लावायचा असेल तर आधी मातीत चुनखडी किती आहे ते पाहावे, कारण चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. आंबा सर्वांना हवा असतो, पण तो मोठा होऊन वाफ्यांवर सावली धरतो. म्हणून तो उत्तरेच्या कडेलाच लावावा. आंब्याची सावली वाया जात नाही. तिच्याखाली हळद चांगली येते, आणि वसमतच्या शेजाऱ्यांना हळदीचे महत्त्व मी सांगावे असे नाही.

पावसाळी वाफ्यांत अंबाडी, भेंडी, गवार, चवळी घ्यावी. भेंडीवर आपल्याकडे केवडा रोग फार येतो. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही जात त्या रोगाला दाद न देण्यासाठीच काढलेली आहे. दिवाळीनंतर मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा आणि करडई. कोवळ्या करडईची भाजी पुण्या-मुंबईच्या मंडईत सहजी सापडत नाही. ती काटे फुटण्याआधीच खुडावी लागते आणि तासा-दोन तासांत शिजवावी लागते. दारातल्या वाफ्याचा खरा उपयोग मला अशा भाज्यांसाठी वाटतो. कांदे-बटाटे बाजारातून आणावेत.

आता घरखर्च. येथे मी आपल्याला निराश करणार आहे. मेथी एका चौरस मीटरला साधारण पाऊण किलो येते. सगळे ३६ चौरस मीटर मेथीच लावली तरी २७ किलो, म्हणजे घरटी अर्ध्या किलोच्या थोडी वर. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. चार माणसांच्या घराला दिवसाला १६०० ग्रॅम लागतात. तेव्हा बारा वाफ्यांवर ४८ घरांची भाजी निघेल असे सभेत कोणालाही सांगू नका. सांगितलेत तर पहिल्या हंगामानंतर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

गोदातीर (नांदेड)

काकांनी पाण्याचे आणि झाडांचे इतके नेमके सांगितले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. मी वाटणीबद्दल लिहिते, कारण आमच्या वसाहतीतील बाग पाण्याने नव्हे, वाटणीने बुडता बुडता राहिली.

आम्ही बचत गटाच्या बारा-पंधरा जणींनी मिळून वसाहतीच्या रिकाम्या जागेत ही बाग सुरू केली. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, म्हणजे उमेदच्या ‘माझी पोषण परसबाग’ मोहिमेत गावोगावच्या गटांनी केलेल्या बागा आम्ही पाहिल्या होत्या; शहरात आपण मागे का राहावे, असा थोडा अहंकारही त्यात होता. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक घराला एक वाफा वाटून दिला. ‘आपला वाफा, आपली जबाबदारी’ हे ऐकायला न्यायाचे वाटले. झाले असे की नोव्हेंबरात पंधराच्या पंधरा वाफे हिरवेगार होते, फेब्रुवारीत लग्नसराई आणि परीक्षा सुरू झाल्या तेव्हा सहा वाफ्यांत तण माजले, आणि होळीपर्यंत नऊ वाफे ओस पडले. ओस वाफ्यातील मावा ही कीड शेजारच्या वाफ्यावर गेली. मग ‘तुमच्यामुळे माझी वांगी गेली’ इथपासून सुरू झालेले बोलणे कोणाच्या घरी कोण हळदी-कुंकवाला येणार नाही इथपर्यंत पोहोचले. मला अजूनही वाटते की भांडणाचे खरे कारण कोणाचा आळस नव्हता. एका घरातली सगळी माणसे एकाच वेळी कामात अडकतात. तेवढ्या दिवसांत वाफा पाहणारे दुसरे कोणी त्या व्यवस्थेत नव्हते.

दुसऱ्या वर्षी वाफ्यांवरची नावे काढली. सगळे वाफे सगळ्यांचे. रविवारी सकाळी सात ते साडेआठ हे कामाचे दीड तास, आणि त्यानंतर लगेच वाटप. जो त्या आठवड्यात काम करील किंवा पाण्याची बादली आणील, त्याला पालेभाजीची जुडी मिळते. फळे मात्र काम केले असो वा नसो, सर्व घरांना सारखी वाटली जातात, कारण झाडांच्या मुळाशी सगळ्यांच्या वर्गणीचे पैसे आहेत. वाटपानंतर तासाभरात जी जुडी कोणी उचलत नाही ती शेजारच्या अंगणवाडीत जाते. या एका नियमाने ‘माझी ठेवा, संध्याकाळी नेते’ हा प्रकार बंद झाला आणि वाळलेल्या जुड्यांवरून होणारे रुसवेही थांबले.

चोरीबद्दल सर्वजण विचारतात. रस्त्यावरून जाणारी मुले पेरू तोडतात, आणि ते मी चोरीत धरत नाही. एकदा मात्र एका रात्रीत शेवग्याच्या सगळ्या शेंगा गेल्या. दोन दिवस तर्कवितर्क झाले, मग आम्ही विषय सोडून दिला, कारण शेवग्याला पुढच्या खेपेला शेंगा येतातच. कुलूप आणि काटेरी तार लावण्याचा खर्च शेंगांच्या किमतीच्या कितीतरी पट झाला असता.

एक फसगत मात्र आवर्जून सांगते. आमची मूळ जमीन मुरुमाची होती म्हणून आम्ही एका पुरवठादाराकडून दोन ट्रॅक्टर ‘बागेची लाल माती’ विकत घेतली. ती माती कोठून उचलली होती देव जाणे. तिच्यासोबत लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी आल्या. लव्हाळा वरून उपटला की खालची गाठ दुप्पट जोमाने फुटते. तीन वर्षे झाली, आमचा रविवारचा निम्मा वेळ अजून त्याच्यातच जातो. तेव्हा माती विकत घेऊ नका. घरचा ओला कचरा आणि झाडांचा पालापाचोळा खड्ड्यात थरावर थर देऊन कुजवला, तर वर्षभरात आपल्या मुरुमातच भाजी येण्याइतका जीव येतो. आमच्या घंटागाडीत जाणारा ओला कचरा त्यामुळे निम्म्याहून कमी झाला. पैशात मोजता येईल असा बागेचा सर्वांत मोठा लाभ कदाचित हाच असेल.

आणि पैशात न मोजता येणारा एक सांगू का? आमच्या वसाहतीत निवृत्त शिक्षक आहेत, कारखान्यात रात्रपाळी करणारे आहेत, बाहेरच्या जिल्ह्यांतून बदलीवर आलेली कुटुंबे आहेत. सहा वर्षे शेजारी राहून ज्या बायका एकमेकींची नावे जाणत नव्हत्या, त्या आता एकमेकींच्या घरची दुखणी-खुपणी जाणतात. भिशीतही गप्पा होतात हे खरे, पण भिशीला रात्रपाळीवाला येत नाही, म्हातारे आजोबा येत नाहीत, लेकुरवाळी सून येत नाही. खुरपणीला हे सगळे येतात.

खडकीकर (छत्रपती संभाजीनगर)

वरील दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत आणि त्यांचा मी आदर करतो. तरीही मंडळी एका सुरात बोलू लागली की मला शंका सुचू लागतात, त्या लिहितो.

पहिली शंका जागेच्या हक्काची आहे. रेखांकनातील खुली जागा ही मोकळेपणासाठी, मुलांच्या खेळण्यासाठी आणि वृद्धांच्या बसण्यासाठी सोडलेली असते. तिच्यावर कुंपण घालून काही सभासदांनी शेती सुरू केली, तर उरलेल्या सभासदांची तक्रार रास्त ठरेल. माझ्या मते मधली निम्मी जागा मुलांना मोकळी सोडावी, तेथे हिरवळ नसली तरी चालते, दाबलेल्या मातीवर क्रिकेट उत्तम होते. आणि झाडे-वाफे कडेला घ्यावेत. ठरावात ‘कोणत्याही सभासदास जागेच्या कोणत्याही भागावर स्वतंत्र हक्क राहणार नाही’ हे वाक्य असावे. नांदेडच्या ताईंनी वाफ्यांवरची नावे काढली ती वेगळ्या कारणाने, पण कायद्याच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

दुसरी शंका मातीच्या शुद्धतेची. नव्या वसाहतींत खुल्या जागेखाली बहुधा बांधकामाचा राडारोडा, रंगाचे डबे आणि डांबराचे तुकडे गाडलेले असतात. शिवाय जागा मोठ्या रस्त्याला लागून असेल तर शिसे हा विचार करण्यासारखा विषय आहे. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, परंतु शिसे मातीतून नाहीसे होत नाही. आपण कृषी विज्ञान केंद्रात माती तपासायला दिली, तर मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे बारा गोष्टी येतात. शिसे त्यांत येत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नये. साधा उपाय असा की रस्त्याच्या बाजूला फळझाडे लावावीत आणि पालेभाजी, मुळा, गाजर आतल्या बाजूला घ्यावे, कारण धूळ आणि माती पानांना नि कंदांना चिकटते, फळात तितकी उतरत नाही. नाल्याचे पाणी कोथिंबिरीला देण्याचा मोह कितीही झाला तरी देऊ नये.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. एकदा मुलांना सांगितले की या बागेतले सगळे तोडून खाता येते, की मुले खरोखर सगळे तोडून खातात. मग त्याच कुंपणाला कण्हेर, पिवळी बिट्टी, मोगली एरंड किंवा घाणेरी असता कामा नये. कण्हेर आणि बिट्टीचे विष हृदयावर परिणाम करते, आणि मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचलेल्या आहेत. बाग सुरू करण्याआधी ही झाडे काढावीत, नंतर नव्हे.

चौथी शंका आमच्या घरची आहे. माझ्या गाडीवर वर्षातून एक महिना जांभळे पडतात. जांभळाचे झाड वाहनतळावर लावणाऱ्या माणसाला मी अजून शोधतो आहे.

असो. या सगळ्या शंका मांडल्या तरी मी विरोधात नाही. शोभेची आणि खाण्याची झाडे वेगळी असावीत, हा विचारच आपल्याकडे नवा आहे. आमच्या शहरातील हिमायतबाग ही मोगलकाळातील बाग. तेथे आजही परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे आणि आंबा-चिंचेच्या सावलीत लोक फिरायलाही जातात. दौलताबादला किल्ला पाहायला जाणारा माणूस परतताना सीताफळे आणि पेरू घेऊनच येतो. देखणी झाडे आणि खाण्याची झाडे तेथे एकच आहेत.

बालाघाटचा माणूस (अंबाजोगाई)

थोडेच लिहितो. सीताफळ लावणार असाल तर भारी काळ्या मातीत खड्डा करून पाणी साचू देऊ नका. आमच्या डोंगरात ते दगडधोंड्यांत वाढते आणि तसेच त्याला मानवते. अंबाजोगाईला त्याच कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे, रोपे आणि सल्ला दोन्हींसाठी तेथे एकदा जाऊन यावे. लातूरहून अंतर फार नाही. बाजारातील रोपवाटिकेत ‘कलमी’ म्हणून बियांची रोपे सर्रास विकली जातात. कलमाचा सांधा बुंध्यावर डोळ्यांनी दिसला पाहिजे.

कुंपणासाठी तारेऐवजी करवंद लावावे. काटे असतात, पाणी मागत नाही, पहिल्या दोन वर्षांनंतर त्याला विचारावेही लागत नाही, आणि कच्च्या करवंदांचे लोणचे होते. मंडपावर वाल, दोडका आणि कारले चढवा. ज्यांच्याकडे खुली जागा नाही त्यांनी घरासमोरच्या ड्युरांटाच्या कुंपणाऐवजी गवती चहा आणि पुदिना लावला तरी सुरुवात होते.

मांजराकाठ (लातूर)

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काल सभा झाली, म्हणून तिचा वृत्तांत देणे माझे कर्तव्य आहे.

अपेक्षेप्रमाणे पहिलाच आक्षेप पाण्याचा आला. परभणीच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे मी फळ्यावर तीन हजार आणि सत्तर हे दोन आकडे लिहिले आणि तीन हजार हा आपल्या हिरवळीचा आकडा आहे असे सांगितले. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका ज्येष्ठ सभासदाने, जे दरवर्षी हिरवळीसाठी भांडतात, विचारले की हा आकडा पाच वर्षांपूर्वी का नाही सांगितलात. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरखर्च वाचेल असे मी म्हटलेच नाही. उलट वर्षाला घरटी किती भाजी मिळेल ते प्रामाणिकपणे सांगितले. गंमत अशी की ‘एवढीशीच?’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘करडई आणि चुका लावणार का?’ असे विचारणाऱ्या जास्त निघाल्या.

ठराव असा मंजूर झाला. मधली निम्मी जागा मुलांसाठी मोकळी राहील. पहिल्या वर्षी बाराऐवजी सहाच वाफे होतील आणि कडेला सोळा झाडे लागतील. कोणाचाही स्वतंत्र हक्क राहणार नाही हे खडकीकरांचे वाक्य जसेच्या तसे घेतले आहे. अंगणवाडीचा नियमही घेतला. समाजमंदिराचे छत १०० चौरस मीटर आहे. आमच्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर ७० हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६ हजार उरतात. त्यातले पाच हजार टाकीत साठवून बाकीचे गाळणीतून बोअरमध्ये सोडायचे ठरले. एका सभासदाने अशीही सूचना मांडली की वेळ अमावास्येला, म्हणजे शेतात पंगत करण्याच्या आमच्या येळवस या सणाला, ज्यांना शेत नाही किंवा गावी जाणे जमत नाही, त्यांनी येथेच झाडाखाली पंगत करावी. त्या दिवशीच्या मिश्र भाजीत, म्हणजे भज्जीत घालायला निदान मेथी आणि वाल तरी आपल्या वाफ्यांतले असतील. येळवस शहरात करायची म्हटल्यावर दोन-चार जण नाक मुरडतील असे मला वाटले होते, पण ही एकच सूचना चर्चेविना मंजूर झाली.

आता एक अडचण उरली. कोनोकार्पसच्या रांगेचे काय करावे? काही जण म्हणतात हिरवी आहे तर राहू द्या. काही जण म्हणतात उद्याच कुऱ्हाड लावा.

काळीमाती (परभणी)

उद्याच कुऱ्हाड लावू नका. झाड कोणतेही असो, शहर हद्दीत ते तोडण्यापूर्वी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करावा, ठरावाची प्रत जोडावी आणि त्या जागी कोणती झाडे लावणार आहात तेही लिहावे. गुजरात सरकारने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. परागांमुळे होणारा त्रास आणि जमिनीखालच्या नळांत, गटारांत शिरणारी मुळे ही त्यामागची कारणे होती. अर्जात याचा उल्लेख करण्यास हरकत नाही. परवानगी मिळेपर्यंत रांग आहे तशीच राहू द्या. नंतर निघणारा पाला वाफ्यांवर आच्छादन म्हणून चालतो.

सहा वाफ्यांचा निर्णय मला बारांपेक्षा आवडला. वाफे जमिनीपासून वीतभर उंच घ्या, म्हणजे श्रावणात पाणी साचून अंबाडी कुजणार नाही. कीड दिसली तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्यांचा चुरा हे प्रमाण आहे. आपल्याला दहा लिटर पुरेल, म्हणजे अर्धा किलो चुरा रात्री भिजवून सकाळी गाळावा आणि फवारणी संध्याकाळी करावी, कारण सकाळी भोपळ्याच्या फुलांवर मधमाश्या असतात.

झाडांचे खड्डे मे महिन्यातच घ्या. सीताफळ, बोर, आवळा यांना दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल पुरे, आंब्याला तीन फूट. ते पंधरा दिवस उन्हात उघडे तापू द्या, मग तळाशी पालापाचोळा, त्यावर कुजलेले शेणखत आणि वरची माती भरून जमिनीच्या थोडे वर येतील असे बुजवा. पहिल्या पावसात माती बसते. दोन चांगले पाऊस झाल्याशिवाय रोप खड्ड्यात ठेवू नका. आणि खड्डे खणताना नांदेडच्या ताईंचा लव्हाळा आठवून प्रत्येक गाठ वेचा, आताच.